हसू कुठे फुटलं? : ‘फायर’ ते ‘साबर बोंडं’

चित्रपट पाहायला गेलो की माझं अर्धं लक्ष पडद्यावर असतं आणि अर्धं प्रेक्षकांकडे. कुठे हसले, कुठे खोकले, कोणत्या प्रसंगाला कोण उठून गेलं, हे मी घरी आल्यावर वहीत लिहून ठेवतो. अंधारात लिहिता येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त आठवणीवर. या कामाला कोणतंही विद्यापीठ पदवी देणार नाही आणि मी मागितलेलीही नाही. लोणी काळभोरला तेलाच्या डेपोंच्या आधारानं चालणाऱ्या एका वाहतूक कचेरीत हिशेब लिहिणं हा माझा पोटाचा उद्योग; उरलेल्या वेळात या वह्या. त्या आता अकरा झाल्या आहेत. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर १९९८ सालचा ‘फायर’ आहे आणि अकराव्या वहीत २०२५ सालचा ‘साबर बोंडं’. दोन्ही चित्रपट समलिंगी प्रेमाचे. मधल्या सत्तावीस वर्षांत आपला प्रेक्षक किती बदलला, असा प्रश्न कोणालाही पडेल. वह्या चाळताना मला जरा निराळा प्रश्न पडला. प्रेक्षक बदलला, की त्याची नजर चुकवायची रीत बदलली?

‘फायर’ची हकिगत थोडक्यात सांगतो. दीपा मेहतांचा हा चित्रपट १३ नोव्हेंबर १९९८ला भारतात प्रदर्शित झाला. एका घरातल्या दोन जावा एकमेकींच्या प्रेमात पडतात, ही गोष्ट. शबाना आझमी आणि नंदिता दास यांच्या भूमिका. सेन्सॉर मंडळानं एकही कात्री लावली नव्हती. हिंदी आवृत्तीत धाकट्या जावेचं नाव सीताऐवजी नीता झालं, एवढंच. २ डिसेंबरला शिवसेनेच्या महिला आघाडीनं गोरेगावच्या सिनेमॅक्सवर धडक दिली, काचा फुटल्या, पोस्टरं जळली. लगोलग दिल्ली आणि सुरतला तेच घडलं आणि पुण्यातल्या थिएटरमालकांनीही चित्रपट उतरवला. हा विषय आपल्या संस्कृतीतला नाही, असं सांगत तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी निदर्शकांच्या पाठीशी उभे राहिले. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९मध्ये पुन्हा जसाच्या तसा संमत झाला.

या सगळ्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यातून एक गोष्ट निसटली. १३ नोव्हेंबर ते २ डिसेंबर म्हणजे जवळजवळ तीन आठवडे लोक तिकीट काढून हा चित्रपट शांतपणे पाहत होते. निदर्शकांची नोंद झाली, त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्यांचीही झाली. खुर्चीत बसलेल्या माणसाला कोणीच विचारलं नाही, की बाबा रे, तुला काय वाटलं?

मी त्या खुर्चीत होतो. लष्कर भागातल्या एका थिएटरात, हिंदी आवृत्ती. चित्रपटात घरची सगळी मंडळी सहलीला गेलेली असताना एक जाऊ दुसरीचे पाय चोळून देते. नवरा समोर बसलेला आहे आणि त्याला त्यात फक्त घरातलं गोडगुलाबी वातावरण दिसतं. त्या प्रसंगाला मागून एक शिट्टी आली आणि पाठोपाठ हशा पिकला. वहीत मी लिहिलं आहे : ‘प्रेक्षक हसले.’ हे वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. मीही हसलो होतो. शेजारी माझा एक वर्गमित्र होता. तो हसला नाही. परतताना सोलापूर रस्त्याच्या बसमध्ये तो हडपसर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होता. ‘कंटाळा आला का?’ असं मी विचारल्याचं वहीत आहे, त्याचं उत्तर नाही. उत्तर त्यानं आठ वर्षांनी दिलं. त्याच्या परवानगीनं एवढं लिहितो. नाव-गाव सांगत नाही.

त्या हशाचं मूळ मी बरीच वर्षं शोधत होतो. ‘लोकांना सवय नव्हती’ हे स्पष्टीकरण मला पटत नाही, आणि त्याचं कारण आमच्या गावात आहे. मुळा-मुठेच्या काठी राजबाग आहे, राज कपूर यांचा मळा. आज तिथे विद्यापीठ उभं आहे. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं चित्रीकरण या मळ्यात झालं. १९७८चा हा चित्रपट, आणि त्यातल्या झीनत अमानच्या कपड्यांवरून देशभर काय गहजब झाला, हे वाचकांना आठवत असेल. आमच्याकडची सत्तरी ओलांडलेली माणसं मात्र ते शूटिंग लांबून कसं पाहिलं हे आजही पारावर बसून, सुना-नातवंडांच्या देखत, अभिमानानं सांगतात. त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. तेव्हा उघडं अंग आणि पडद्यावरचं प्रेम आमच्या संस्कृतीला सोसत नाही, हे कोणी आम्हाला सांगू नये. सोसत नव्हतं ते दुसरंच काहीतरी : बघणाऱ्या पुरुषाला ज्या प्रेमात जागाच नाही, असं प्रेम. ‘फायर’मध्ये समोर बसलेला नवरा हा आम्हीच होतो. शिट्टी मारून आम्ही आपली जागा परत मागत होतो.

हसण्यापेक्षा विसरणं अधिक सभ्य. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ १९८२चा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यात महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांच्या जवळिकीचा एक धागा आहे. मी गेल्या काही वर्षांत ओळखीच्या, चांगल्या वाचनाच्या, ‘उंबरठा’ तीन-तीनदा पाहिलेल्या माणसांना विचारून पाहिलं. स्मिता पाटीलचं घराबाहेर पडणं सगळ्यांना आठवतं, गाणी तर तोंडपाठ असतात. त्या दोघी जवळजवळ कोणालाच आठवत नाहीत. गंमत म्हणजे तेंडुलकरांनी त्याच सुमारास, १९८१मध्ये, ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणलं होतं. रोहिणी हट्टंगडींची मित्रा ही त्या नाटकाची नायिकाच असल्यामुळे तिला विसरायची सोय नव्हती. पण तेंडुलकरांची यादी सांगताना ‘शांतता!’, ‘सखाराम’, ‘घाशीराम’ असं म्हणत आपण ‘मित्रा’पाशी येण्याआधीच थांबतो. अमोल पालेकरांचा ‘थांग’ २००६चा. नवऱ्याचे दुसऱ्या पुरुषाशी असलेले संबंध बायकोला कळतात, इथून तो सुरू होतो. प्रेक्षकाला बायकोच्या बाजूला बसून रडायची मुभा होती, आणि ती त्यानं घेतली. माझ्या वहीत त्या दिवशीच्या हुंदक्यांची नोंद आहे. ते सगळे तिच्यासाठी होते.

आता ‘साबर बोंडं’. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला मोठा कथापट. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचं परीक्षक मंडळाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे लागला. मुंबईत नोकरी करणारा तिशीतला आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. गावात बालपणीचा मित्र बाळ्या आहे, शेतात राबणारा, अविवाहित. भूषण मनोज आनंद झाला आहे, सुरज सुमन बाळ्या आणि जयश्री जगताप आई. आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे, नातेवाइकांना नाही. त्यांचा एकच धोशा : लग्न कधी?

मी हडपसरला दोनदा पाहिला. पहिल्या खेळाला मोजून एकोणीस माणसं. शेजारच्या पडद्यावर ‘दशावतार’ला बऱ्यापैकी गर्दी होती आणि भिंतीपलीकडून तिथले ढोल ऐकू येत होते. आमच्या बाजूला शांतता, कारण या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी बराच वेळ थांबतो. पहिल्या अर्ध्या तासात दोघं उठून गेले. माझा अंदाज असा, की त्यांना विषय खटकला नाही, संथपणा खटकला. तोवर प्रेमाचा पत्ताही नव्हता.

हसू फुटलं ते नातेवाइकांच्या चौकश्यांना. दारात माणूस जाऊन दोन दिवस झाले नाहीत आणि पोराच्या लग्नाचा विषय निघतो, तेव्हा सभागृह खळखळून हसलं. ते ओळखीचं हसू होतं. प्रत्येकाच्या घरात अशी एक आत्या असते. शिवाय ग्रामीण महाराष्ट्रात हा प्रश्न आता थट्टेचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले होते. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, ही आमच्या तालुक्यातही घरोघरची रड आहे. त्यामुळे बाळ्याचं बिनलग्नाचं असणं कोणाला विचित्र वाटलं नाही. उलट त्या गर्दीत तो सहज लपू शकला असता, आणि पडद्यावर तो तसाच लपलेला आहे.

पुढे आनंद आणि बाळ्या जवळ येतात, तेव्हा कोणी हसलं नाही. दोघांतली शारीरिक जवळीक चित्रपट टाळत नाही, तरीही नाही. मला वाटतं, याचं श्रेय जितकं सुधारणेला जातं तितकंच त्या नसलेल्या संगीताला. ‘आता काहीतरी घडतंय’ अशी सूचना मिळाली की प्रेक्षक सावध होतो आणि सावध प्रेक्षक हसून मोकळा होतो. ‘फायर’ला ए. आर. रहमान यांचे सूर होते. इथे भिंतीपलीकडच्या ढोलांखेरीज काही नव्हतं. सूचनाच नाही म्हटल्यावर काय करावं हे कळेना, म्हणून लोक बघत राहिले. दोन चित्रपटांच्या नोंदींवर सिद्धान्त उभारू नये, हे मलाही कळतं. पण नोंद करून ठेवतो.

खेळ सुटल्यावर मी नेहमीप्रमाणे बाहेर चहाच्या गाडीजवळ रेंगाळलो. तिथे दोन वाक्यं ऐकू आली. नंतर ओळखीपाळखीच्या वर्तुळातही तीच पुन्हा पुन्हा कानावर पडली. एक : ‘किती संयत केलाय!’ दुसरं : ‘तो विषय असला तरी चित्रपट त्याच्या पलीकडचा आहे; खरं तर तो माणुसकीबद्दल आहे.’ दोन्ही वाक्यं मनापासून आलेली होती. बोलणारी माणसंही भली होती. तरी मी तिथेच अडलो.

‘संयत’ ही दाद कोणत्या प्रेमकथेला देतो आपण? मुलगा-मुलगी उसाच्या फडात भेटली तर ‘उत्कट’ म्हणतो, ‘रांगडं’ म्हणतो. संयमाची पावती फक्त यांनाच. त्या पावतीवर न लिहिलेला मजकूर असा, की आम्हाला अवघडायला न लावल्याबद्दल आभारी आहोत. आणि ‘पलीकडचा’ म्हणजे कशाच्या पलीकडचा? आनंद-बाळ्याला वजा करून उरणारी माणुसकी त्या चित्रपटात कुठे आहे, हे मला दुसऱ्यांदा पाहूनही सापडलं नाही.

त्यात सुतक आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचं मर्म तिथेच आहे. काय खायचं, पायांत काय घालायचं नाही, कोणाच्या घरी जायचं नाही : दहा दिवसांचे हे नियम आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ असतात. आनंद ते पाळतो, कधी चुकतो, कोणीतरी टोकतं. हळूहळू लक्षात येतं, की नियम पाळायची त्याला जन्माची सवय आहे. कोणासमोर काय बोलायचं नाही, कोणाकडे किती वेळ बघायचं नाही. आपलं सुतक अकराव्या दिवशी फिटतं. त्याचं कधी फिटणार, याला तिथी नाही. दिग्दर्शक हे तोंडानं कुठेच सांगत नाही. सांगायची गरज नाही, कारण सुतक काय असतं हे मराठी प्रेक्षकाला परदेशी परीक्षकापेक्षा जास्त कळतं. म्हणूनच ‘पलीकडचा’ हा शब्द मला टोचला. ज्याला हे कळायला सगळ्यात सोपं, तोच पलीकडे बघतो.

चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार आहे. आई फार समजूतदार आहे. जयश्री जगतापांनी ती इतक्या खऱ्या हातापायांनी उभी केली आहे, की शंका घेणं जिवावर येतं. पण अशी आई मिळाली की प्रेक्षकाचं काम हलकं होतं. तिनं स्वीकारलं म्हणजे आपणही स्वीकारलं, असं त्याला वाटून जातं. माझ्या पुढच्या रांगेतल्या दोघी बायका सगळा वेळ आईबद्दलच बोलत होत्या. ‘थांग’मधले हुंदके मला आठवले. सत्तावीस वर्षांत आपण शिट्टीवरून आईपर्यंत आलो, हे कमी नाही. मात्र आनंदच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं अजून बाकी आहे.

दुसऱ्या खेळाहून आल्यावर मी त्या वर्गमित्राला फोन केला. तो आता दुसऱ्या राज्यात असतो. ‘बघून ये,’ म्हटलं.

‘बघेन रे, पण घरी. थेटरात नको. लोक कुठे हसतात इकडेच माझं लक्ष राहील.’

‘या वेळी हसले नाहीत.’

‘कुठेच नाही?’

मी वही उघडून वाचून दाखवली. नातेवाइकांच्या चौकश्या, आत्याबाई, लग्न. तो म्हणाला, ‘मग बरोबर ठिकाणी हसले.’ आणि थोडं थांबून : ‘तू काय करत होतास?’

अकराव्या वहीतही ते लिहिलेलं नव्हतं. मग आठवून आठवून, बाळ्या आनंदसाठी बोंडं आणतो त्या प्रसंगापासून त्याला सांगायला सुरुवात केली.