कबुलीजबाब आणि आत्मकथन : ‘उचल्या’च्या निमित्ताने

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हापासून या आत्मकथनाविषयी जे लिहिले-बोलले गेले, त्याचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. एक त्याला सामाजिक दस्तऐवज मानून त्यातील अनुभवाची सच्चाई तपासतो. दुसरा रचनेतील सैलपणाकडे बोट दाखवून त्याच्या वाङ्मयीनतेविषयी शंका घेतो. वरवर पाहता हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी आहेत. वस्तुतः दोन्ही ठिकाणी समीक्षक न्यायाधीशाच्या आसनावर बसलेला असतो आणि निवेदक पिंजऱ्यात उभा असतो. ही बैठकच तपासून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कारण ‘उचल्या’च्या निवेदकाचा खरा वाद या बैठकीशीच आहे.

हा वाद समजण्यासाठी आधी कायद्याची भाषा ध्यानात घ्यावी लागते. फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व असे, की मनुष्याने काय केले याचा न्याय होतो. तो कोणाच्या पोटी जन्मला याचा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हे तत्त्व उलटे केले. जन्म हाच आरोप आणि जन्म हाच पुरावा ठरला. नोंदणी, रोजची हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना, सोलापूरसारख्या ठिकाणची ‘सेटलमेंट’ असे या व्यवस्थेचे स्वरूप पुढे इंग्रजी मुलुखात विस्तारले; संस्थानांतही तिचे अनुकरण झाले. १९५२ साली हा कायदा रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. परंतु सराईत गुन्हेगारांविषयीच्या नव्या कायद्यांनी नोंदवही शिल्लक ठेवली आणि पोलीस ठाण्यातील संशयाची सवयही शिल्लक राहिली. शब्द बदलला, तरी वाक्यरचना तीच राहिली.

या व्यवस्थेत आरोपीला ‘मी’ म्हणण्याची जी एक जागा मिळते, ती कबुलीजबाबाची. ‘मी अमुक चोरी केली’ हे वाक्य प्रथमपुरुषी असते. ते लिहिणारा हात मात्र दुसऱ्याचा असतो. खुद्द कायद्यालाही या ‘मी’वर भरवसा नव्हता. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम २५ ने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य धरण्यास मनाई केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. मात्र ‘उचल्या’ ज्या वर्षी आले, त्याच १९८७ मधील ‘टाडा’ कायद्याने पोलीस अधीक्षक व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांपुढील कबुली ग्राह्य ठरवली. ‘टाडा’ची मुदत १९९५ मध्ये संपली, तरी तीच तरतूद महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारीविषयक कायद्यात पुन्हा आली. दुसऱ्याने लिहिलेल्या ‘मी’ला अशी राजमान्यता मिळत असताना आरोपीच्या जमातीतील एक मनुष्य स्वतःचा ‘मी’ स्वतः लिहितो, या योगायोगाकडे समीक्षेने लक्ष द्यावयास हवे होते.

मिशेल फूको यांनी १९७६ मध्ये लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात दाखवून दिले, की कबुली ही सत्तासंबंधातच घडते. ऐकणारा हा केवळ श्रोता नसतो, तो शिक्षा किंवा क्षमा करणारा असतो. ही मांडणी ‘उचल्या’ला जशीच्या तशी लावता येत नाही. येथे चोरीच्या शिक्षणाचे सविस्तर वर्णन येते, आणि त्या शिक्षणात मार सोसण्याचे शिक्षणही येते. पोलिसांनी कितीही मारले तरी साथीदाराचे नाव ओठांवर येऊ द्यायचे नाही, हा त्यातला मुख्य धडा. म्हणजे मौन ही या समाजाने मिळवलेली विद्या आहे. आत्मकथन हे त्या मौनाचा भंग करते. परंतु ते ठाण्यात न बोलता वाचकांपुढे बोलते, आणि माराच्या धाकाने न बोलता आपणहून बोलते. त्यामुळे बाहेरून कबुलीसारखे दिसणारे हे लेखन आतून फिर्याद असते.

येथेच त्याच्या रचनेचा प्रश्न नव्याने उभा राहतो. चोरीची हत्यारे, टोळीतील कामाची वाटणी, मुलांना दिली जाणारी तालीम हा सगळा तपशील समाजाची बदनामी करतो, असा आक्षेप घेता येईल. माझ्या मते हाच तपशील या ग्रंथाचा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे. जी गोष्ट मारून-मुटकून शिकवावी लागते, ती रक्तात नसते. १८७१ च्या कायद्याचे गृहीत खोडून काढण्यासाठी निवेदक चोरी नाकारत नाही. ती कशी घडवली जाते, हे तो दाखवतो. ‘उपरा’मधील वणवणीपेक्षा ‘उचल्या’तील ही शिक्षणकथा म्हणूनच वेगळी ठरते. पुनरुक्तीचेही तसेच आहे. धाड, झडती, मारहाण, सुटका आणि पुन्हा धाड, हा क्रम निवेदकाला सुचलेला नाही. तो त्याच्यावर लादलेला आहे.

तथापि या ‘मी’लाही मर्यादा आहेत. झडतीच्या वेळी सर्वाधिक विटंबना वाट्याला येते ती घरातील स्त्रियांच्या. त्या या कथनात दिसतात, पण मुलाच्या आणि भावाच्या नजरेतून. त्यांची फिर्याद त्यांच्या स्वतःच्या ‘मी’ने नोंदवलेली नाही. जी समीक्षा ‘उचल्या’ला समग्र समाजाची साक्ष मानते, ती ही गैरहजेरी झाकते.

‘उचल्या’चा युक्तिवाद ग्रंथाबाहेरही चालू राहिला. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर या विमुक्त तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला, त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातीवर आधारित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला आणि विमुक्तांना जन्मतः गुन्हेगार समजण्याच्या प्रथेवर बोट ठेवले. जे विधान न्यायालयाला तेव्हा करावे लागले, ते एका मराठी आत्मकथनाच्या रचनेत सदतीस वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. आपण मात्र इतकी वर्षे निवेदक खरे बोलतो की नाही, आणि चांगले लिहितो की नाही, एवढेच विचारत राहिलो. तो आपल्यालाही काही विचारत होता. त्याची उलटतपासणी थांबवून त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे, हे समीक्षेचे राहून गेलेले काम आहे.