उपयोग, रूप आणि मैदान : नागपूरच्या दीक्षाभूमी स्तूपाचा वास्तुविचार

प्रस्तावना

वास्तूचे मूल्यमापन करताना उपयोग आणि बाह्यरूप अशी दोन स्वतंत्र माने लावण्याची आपल्याकडे प्रथा आहे. अभियंता उपयोगाची बाजू घेतो, रसिक रूपाची. आणि दोहोंत 'समतोल' साधला गेला की वास्तू यशस्वी झाली, असे मानले जाते. रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हिअसने मजबुती, उपयोग आणि सौंदर्य हे तीन गुण एकत्र अपेक्षिले होते. अमेरिकन वास्तुविशारद लुई सलिव्हन याने १८९६ च्या आपल्या निबंधात रूप हे कार्याला अनुसरून यावे, असा आग्रह धरला. या दोन्ही विचारांत वास्तूचे कार्य कोणते, हे आधीच निश्चित असल्याचे गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात हे गृहीतक नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाच्या संदर्भात तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रतीक आधी, इमारत नंतर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या त्या सुमारे १४ एकरांच्या मैदानावर सोहळ्यासाठी कायमस्वरूपी इमारत नव्हती. व्यासपीठावर मात्र सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती उभारलेली होती. जनसमुदायाला सामावून घेण्याचे काम मोकळ्या जमिनीने केले आणि त्या जमिनीला अर्थ देण्याचे काम त्या प्रतिकृतीने केले. पुढील वास्तूचा आराखडा एका अर्थाने त्याच दिवशी ठरला होता.

वास्तुविशारद शिवदान मल यांच्या आराखड्यानुसार स्तूपाचे बांधकाम १९७८ मध्ये सुरू झाले. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धोलपूरचा वालुकाश्म, ग्रॅनाइट आणि संगमरवर यांनी सजलेल्या या स्तूपाची उंची सुमारे १२० फूट आहे. सांचीच्या महास्तूपाची उंची सुमारे ५४ फूट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे येथे केवळ अनुकरण झालेले नाही, हे स्पष्ट होते.

भरीव स्तूप आणि पोकळ स्तूप

परंपरागत स्तूप भरीव असतो. गर्भात अवशेष, वर अंड, हर्मिका आणि छत्र, भोवती प्रदक्षिणापथ, अशी त्याची रचना. उपासक स्तूपाच्या आत जात नाही, तो त्याच्या भोवती फिरतो. विदर्भाला ही परंपरा परकी नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथील उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आले आहेत. एकत्र जमून उपासना करण्यासाठी बौद्ध वास्तुकलेने चैत्यगृह हा वेगळा प्रकार निर्माण केला. कार्ले किंवा अजिंठा येथील चैत्यगृहात सभागृह मोठे आणि त्याच्या टोकाला भरीव स्तूप असतो. दीक्षाभूमीवर हा संबंध उलटला आहे. येथे स्तूपाच्या पोटातच सभागृह आले आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. भरीवपणा हे ज्याचे वास्तुतत्त्व, त्याचा केवळ बाह्याकार घेऊन आत दालन करणे म्हणजे रूपाने उपयोगाची दिशाभूल करणे होय. परंतु हा आक्षेप टिकत नाही. मध्यवर्ती दालनात बुद्धमूर्तीबरोबर बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. म्हणजे अवशेष-धारणेचे मूळ कार्य सुटलेले नाही. शिवाय ज्या समाजाला शतकानुशतके देवळाच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्याच्या श्रद्धास्थानाने चारही दिशांना दारे उघडून माणसांना आत घेणे, हा त्या आकाराच्या अर्थाचा विस्तारच म्हणावा लागेल.

गुणांबरोबर मर्यादाही नोंदविली पाहिजे. अर्धगोल पृष्ठभाग ध्वनी एकवटून परत पाठवतो. विजापूरच्या गोलघुमटात हा परिणाम सर्वांनी अनुभवलेला आहे. त्यामुळे असा अवकाश मौनाला व ध्यानाला जितका पोषक असतो, तितका व्याख्यानाला नसतो. मुंबईजवळ गोराई येथे २००९ मध्ये उद्घाटन झालेल्या ग्लोबल विपश्यना पॅगोडाचा पोकळ घुमट ध्यानासाठीच योजिला आहे, ही गोष्ट या दृष्टीने सूचक आहे. दीक्षाभूमीची परंपरा मात्र ध्यानाइतकीच भाषणाची, ग्रंथांची आणि चर्चेची आहे. ते कार्य घुमटाखाली पूर्णतः सामावत नाही.

शहरातील दुसरा घुमट

नागपुरातच तुलनेसाठी आणखी एक घुमट आहे. हेन्री मेड यांनी आराखडा केलेली आणि जानेवारी १९४० मध्ये खुली झालेली उच्च न्यायालयाची इमारत आज मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची वास्तू आहे. तेथे न्यायदान न्यायकक्षांत चालते; घुमटाचे काम न्यायसंस्थेचा अधिकार दुरूनही जाणवावा, एवढेच आहे. म्हणजे अर्थ व्यक्त करणे हेही एक कार्यच ठरते. मात्र त्या घुमटाने अधिकार सूचित होतो, तर दीक्षाभूमीच्या घुमटाने अधिकार नाकारल्या गेलेल्यांचा प्रवेश सूचित होतो. आकाराचे साम्य असूनही त्यांचे कार्य भिन्न आहे, आणि ते केवळ आकारावरून ओळखता येत नाही.

मैदानाचे कार्य

दीक्षाभूमीवरील सर्वांत मोठा 'वापर' स्तूपाच्या आत घडतच नाही, हा येथील कळीचा मुद्दा आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारे लाखो अनुयायी मैदानावर बसतात, भोजनदानाच्या रांगांत उभे राहतात, पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ घेऊन गावी परततात. मैदान रिकामे असणे, हेच त्याचे कार्य आहे.

सौंदर्यीकरणाच्या योजनेत या मैदानाखाली भूमिगत वाहनतळ बांधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा १ जुलै २०२४ रोजी अनुयायांच्या तीव्र विरोधानंतर शासनाला त्यास स्थगिती द्यावी लागली. खोदकामामुळे स्तूपाला धोका पोहोचेल, ही त्यामागील प्रमुख भीती होती. या संघर्षाकडे 'सुविधा विरुद्ध भावना' अशा चौकटीतून पाहणे अपुरे आहे. नियोजनकर्त्यांनी मैदानाला मोकळी, म्हणून उपलब्ध जागा मानले; अनुयायांनी त्याला वास्तूचाच भाग मानले. वास्तुशास्त्राच्या कसोटीवर अनुयायांची समज अधिक अचूक ठरते. सुविधांची गरज खरी आहे. परंतु पायी आणि रेल्वेने येणाऱ्या सामान्य माणसाला वाहनतळाहून अधिक निकड पिण्याचे पाणी, शौचालय आणि सावली यांची असते. या गोष्टी दरवर्षी तात्पुरत्या मांडून भागविल्या जातात. त्यांची कायम आणि सन्मान्य सोय परिसराच्या कडेला करणे व वाहने बाहेर थांबविणे, हा उपयोगाचा खरा अर्थ होईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, उपयोग आणि रूप यांचा समतोल साधण्यापूर्वी कोणाचा उपयोग, हा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे. दीक्षाभूमीच्या स्तूपाने परंपरागत रूपाला नवे कार्य दिले, हे त्याचे यश होय. मात्र स्तूप हा या वास्तूचा एक भाग असून मैदान हा दुसरा, तितकाच महत्त्वाचा भाग आहे. यापुढील कोणत्याही योजनेचे परीक्षण स्तूप किती सुशोभित दिसतो यावरून न करता, विजयादशमीला खेड्यातून आलेल्या माणसाला तेथे बसायला किती जागा उरते, यावरून झाले पाहिजे.