चित्रातली मण्यार ओळखू येते का?

प्राण्यांवरचं मुलांचं पुस्तक हातात आलं की आपण पानं चाळतो, चित्रं रंगीत आहेत म्हणतो आणि घेऊन टाकतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच्या माहितीपर पुस्तकांचं परीक्षणही पुष्कळदा तिथेच थांबतं. आज मंद्रूपमध्ये आपण जरा पुढे जाऊ. गोष्टीच्या पुस्तकात चित्र मजकुराला सोबत करतं. माहितीच्या पुस्तकात चित्र हेच विधान असतं, आणि विधान म्हटलं की ते खरं की खोटं हे विचारावंच लागतं.

सापांचं पान घ्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं बहुतेक पुस्तकांत असतात. नाग फण्यामुळे ओळखतो. मण्यारीचं काय? काळ्या अंगावर पांढरे पट्टे काढले की झाली मण्यार, असं चित्रकाराला वाटतं. पण पट्टे बिनविषारी कवड्यालाही असतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने, आणि शेपटीकडे ठळक राहतात. चित्रकाराने हे उलटं काढलं तर मजकूर कितीही बरोबर असो, मुलाच्या डोक्यात चित्रच राहणार. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दंश फारसा दुखतही नाही. इथे चूक फक्त छपाईची राहत नाही. अर्थात, चांगलं चित्र असलं तरी साप हाताळू नये आणि दंश झाल्यास थेट दवाखाना गाठावा, ही ओळ त्याच पानावर हवी.

दुसरी गोष्ट लांडग्याची. आपला लांडगा अंगाने सडपातळ, आखूड केसांचा, वाळल्या गवताच्या रंगाचा. पुस्तकात मात्र बर्फातला केसाळ लांडगा असतो. माळावरच्या मुलाला त्यातून कळतं काय, तर निसर्ग दुसरीकडे कुठेतरी असतो. हिरवं जंगल म्हणजे निसर्ग आणि माळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत अशाच पानांतून पक्की होते.

वास्तविक याच सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं. हा पक्षी सुमारे एक मीटर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. चित्रात शेजारी माणूस किंवा बोरीचं झुडूप नसेल तर तो कोंबडीएवढाही वाटेल. आणि नुसतं 'दुर्मीळ पक्षी' लिहून काय उपयोग? दहा वर्षांच्या मुलाला कारण हवं असतं. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. डोळे बाजूंना असल्याने उडताना समोरच्या विजेच्या तारा नीट दिसत नाहीत, आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही. एवढं सांगितलं की मूल तारेकडे बघायला लागतं. 'सर्वांत मोठा, सर्वांत वेगवान' अशा विक्रमांच्या यादीने ते होत नाही.

भाषेचंही तेच. सोलापूरचेच मारुती चितमपल्ली वनखात्यात राहून नावं गोळा करत गेले, 'पक्षिकोश' लिहिला. 2025 मध्ये ते गेले. त्यांचा शब्दसाठा मोठ्यांच्या कपाटात आणि मुलांच्या हाती इंग्रजीवरून बेतलेली नावं, ही आपली अवस्था आहे.

साधनं नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय. प्रथम बुक्सच्या 2015 साली सुरू झालेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी पुस्तकं मोफत आहेत, मुक्त परवान्यामुळे छापूनही घेता येतात. शाळेसाठी निवडताना आपण तीनच प्रश्न विचारू: यातला प्राणी प्रत्यक्षात दिसला तर मूल ओळखेल का? त्याचा आकार कळतो का? तो असा का वागतो, हे सांगितलंय का? तिन्हींना 'नाही' उत्तर आलं तर कागद कितीही गुळगुळीत असो, ते पुस्तक परत ठेवावं.