स्तोत्र, तेविसावे
स्तोत्र, तेविसावे : बायबलच्या जुन्या करारातील ‘स्तोत्रसंहिते’मधील (हिब्रू ‘तेहिल्लीम’) सहा वचनांचे स्तोत्र. संहितेतील १५० स्तोत्रांपैकी हे सर्वांत परिचित होय. ग्रीक व लॅटिन पाठांत त्याचा क्रमांक २२ आहे. परंपरेने ते दाविदाच्या नावावर असले, तरी त्याचे कर्तृत्व व काळ आधुनिक अभ्यासक निश्चित मानीत नाहीत.

पूर्वार्धात ईश्वर मेंढपाळ, तर उत्तरार्धात यजमान म्हणून येतो. चौथ्या वचनात अंधाऱ्या दरीचा उल्लेख येताच तृतीयपुरुषी वर्णन थांबून ईश्वराला थेट संबोधन सुरू होते. संकटाच्या क्षणी वर्णनाची प्रार्थना होते, हेच या स्तोत्राचे मर्म होय. अखेरीस शत्रूंच्या पाठलागासाठी एरवी योजिले जाणारे क्रियापद ईश्वराच्या कृपेला लावले आहे.

सेफार्दी ज्यू परंपरेत शुक्रवारी रात्री द्राक्षरसावरील आशीर्वचनापूर्वी, तर अनेक ज्यू समाजांत शब्बाथच्या तिसऱ्या भोजनाच्या वेळी ते म्हणतात. म्हणजे येथे ते प्रामुख्याने तृप्तीचे गीत आहे. मुंबईत १७९६ मध्ये पहिले सिनॅगॉग उभारणाऱ्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाने उपासनेची हिब्रू भाषा राखली. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील कथा मराठी कीर्तनांतूनही मांडल्या.

प्राचीन ख्रिस्ती चर्चने स्तोत्रातील पाणी, तेल, मेज व प्याला यांचा संबंध बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांच्याशी जोडला. पुढे, विशेषतः प्रॉटेस्टंट पंथांत, अंत्यविधीतील वाचन म्हणून ते रूढ झाले. या वापराने त्याचा अर्थ मात्र संकुचित झाला. चौथ्या वचनातील ‘त्सलमावेत’ या शब्दाचा ग्रीक अनुवाद ‘मृत्यूची छाया’ असा असला, तरी ‘घोर अंधार’ हाही अर्थ अनेक अभ्यासक स्वीकारतात. शेवटच्या शब्दांचा शब्दशः अर्थही ‘अनंतकाळ’ नसून ‘दीर्घ दिवस’ असा आहे. मूळ भाव परलोकाहून अधिक इहलोकातील विश्वासाचा दिसतो.

मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि ख्रिस्ती उपासनेत अभंग व भजन यांना स्थान देणारे ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या कार्यामुळे अशा स्तोत्रांच्या मराठी आकलनाला अनुकूल भूमी लाभली. मेंढपाळाची प्रतिमा तर धनगरांचे कळप पाहिलेल्या मराठी वाचकास परकी नाही. त्यामुळे मराठी अनुवादाची खरी कसोटी ही प्रतिमा नव्हे, तर ‘तो’पासून ‘तू’पर्यंतचा तो आकस्मिक पालट होय.