शिकारी कुठे आहे?

मंडळी, आज आपण एकाच चित्रापाशी थांबू. याकोपो दे बार्बारी हा व्हेनिसचा चित्रकार. त्याचं १५०४ सालचं हे चित्र म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक संग्रहालयात आहे. वस्तू मोजक्याच: टांगलेला मेलेला तितर, लोखंडी हातमोज्यांची जोडी आणि क्रॉसबोचा एक बाण. खाली उजवीकडे कागदाचा चिटोरा, त्यावर सही आणि साल. सावल्या अशा पाडल्यात की हात पुढे करून बाण काढून घ्यावासा वाटतो.

या चित्राची ओळख बहुधा दोन प्रकारे करून देतात. युरोपातल्या अगदी आरंभीच्या स्वतंत्र वस्तुचित्रांपैकी हे एक, आणि डोळ्यांना फसवण्याच्या कसबाचा हा नमुना. दोन्ही खरं. पण तिथेच थांबलो तर चित्र पाहिलंच नाही, असं आम्ही म्हणू.

साधा प्रश्न विचारू या. तितर मारायला लोखंडी हातमोजे कशाला? तो बिचारा थोडाच उलटून वार करणार आहे! हे हातमोजे चिलखताचा भाग, म्हणजे लढाईतले. याकोपो तेव्हा जर्मन राजदरबारांत काम करीत होता. युद्ध आणि शिकार हे तिथल्या सरदारांचे दोन आवडते उद्योग. ते त्याने जणू एकाच खुंटीला टांगले.

आता काय नाही ते पाहा. बाण आहे, धनुष्य नाही. हातमोजे आहेत, हात नाहीत. पक्षी मेलाय, मारणारा नाही. हायडेगर सांगतो, हातोडी नीट चालते तोवर तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. मोडली की ती दिसते. इथेही वापर थांबला म्हणून हत्यारं दिसतात. आणि दिसली की सुंदर वाटतात! लोखंडाची चमक आणि पक्ष्याची पिसं, दोन्ही सारख्याच मायेने रंगवलेली. हा दोष नाही का? सौंदर्याने हिंसा धुऊन टाकली, असं आम्ही पुष्कळ वर्षं वर्गात शिकवत आलो.

आज तसं वाटत नाही. शिकारी चित्रात नाही, कारण त्याची जागा चित्रासमोर आहे. तिथे आपण उभे आहोत. मघाशी हात पुढे करावासा वाटला ना? ते रिकामे हातमोजे त्याच हातासाठी आहेत.