वीरगळ आणि परतलेला सैनिक

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ आढळतात. काही शेंदूर फासलेले, काही अर्धे मातीत रुतलेले. त्यांची रचना ठरलेली असते. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव नाही, की अक्षर नाही. शिल्प म्हणून या शिळांचे मोल मोठे आहे. परंतु सैनिकाविषयीचे आपले मराठी गद्य आजही याच दगडाच्या साच्यात लिहिले जाते, आणि तो साचा आता तपासून पाहिला पाहिजे, असे मला वाटते.

या साच्यात तीनच गोष्टी मावतात: लढणे, मरणे आणि पूज्य होणे. जो लढून घरी परतला, ज्याने पुढे तीसचाळीस वर्षे शेती केली, मुलींची लग्ने लावली, रात्री दचकून जागा झाला, त्याला या शिळेवर चौकट नाही. त्याच्या बायकोला तर मुळीच नाही. सतीशिळेवर स्त्री येते ती कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात म्हणून. आजच्या लेखांतील ‘वीरपत्नी’ या शब्दातही मला पुष्कळदा तो हातच दिसतो. मनीऑर्डरची वाट पाहणारी, पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणारी, नवरा रजेवर आला की त्याला मुलाची ओळख करून देणारी बाई त्या शब्दामागे हरवून जाते.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने महाराष्ट्रातील अनेक गावांत पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच त्यांचा आशय. वीरगळाने चेहरा दिला होता आणि नाव दिले नव्हते. पाटीने दोन्ही काढून घेऊन आकडा दिला. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचा आकडा ४६ सांगतात. शेहेचाळीस घरांतील दुःखाची ती बेरीज आहे, आणि बेरजेत दुःख दिसत नाही. तरीही पाटीची एक बाब मला वीरगळापेक्षा प्रामाणिक वाटते. ‘गेले’ आणि ‘कामी आले’ हे दोन आकडे ती वेगळे देते. परत आलेलेही होते, याची निदान वजाबाकी तरी वाचकाला करता येते.

आता दुसऱ्या महायुद्धातील दोन मराठी माणसे घेऊ. नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातील पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तुकडीतील सारे सोबती पडल्यावर त्यांनी एकट्याने मशिनगनचे ठाणे जिंकले आणि तेथेच ते मारले गेले. शिपाई नामदेव जाधव निमजचे. आळेफाट्यावरून उत्तरेस निघून चंदनापुरीचा घाट उतरला की लागणाऱ्या संगमनेर तालुक्यातले, म्हणजे जुन्नरकरांचे शेजारीच. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांचे माणगावला स्मारक आहे आणि त्यांच्यावरील लेख सहज लिहिला जातो, कारण त्यांचे आयुष्य वीरगळाच्या चौकटींत नेमके बसते. जाधव मात्र जगले. १९८४ साली पुण्यात ते वारले. सेनिओनंतरची ही एकोणचाळीस वर्षे आमच्या लेखकांच्या हाती आली की लेखणी थांबते. ‘पुढे ते निवृत्त झाले’ या एका वाक्यात सारे आटोपते.

जाधवांच्या पराक्रमाचा तपशीलही आपण कसा निवडतो पाहा. तीन मशिनगन ठाणी त्यांनी निकामी केली आणि अखेर नदीच्या बांधावर उभे राहून शिवछत्रपतींचा जयजयकार केला, हा भाग हमखास येतो. १६३० साली शिवनेरीवर जन्मलेल्या राजाचे नाव इटलीतल्या नदीकाठी घुमावे, याने जुन्नरच्या माणसाचा ऊर भरून आला तर नवल नाही. पण त्याआधी त्यांनी जखमी कंपनी कमांडरला खोल पाण्यातून, चढ्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित जागी नेले. मग परत जाऊन दुसऱ्या जखमी सोबत्यालाही आणले. हे वाहून आणणे लेखांत एका उपवाक्यात उरकले जाते. माझ्या मते त्या दिवसाच्या कथेचा गाभा तिथे आहे. मारण्याचा प्रसंग शिल्पकाराला सोपा असतो; ओझे घेऊन पाण्यातून चालणारा माणूस कोरायला कठीण.

मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी १९६२च्या युद्धावर पुस्तक लिहिले आणि त्याला ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ असे नाव दिले. या नावातच साचा मोडण्याची तयारी आहे. पराभवाला वीरगळ नसतो. तो सांगायला सैन्यातलाच माणूस लागला. अर्थात युद्धेतिहासाची जातच अशी की त्यात ब्रिगेड दिसते, डोंगर दिसतो, शिपायाचे घर क्वचित दिसते. ते काम दुसऱ्या प्रकारच्या लेखनाचे आहे, आणि ते मराठीत फार थोडे झाले आहे.

आपल्या कॅथलिक परंपरेत याचा एक उत्तम नमुना आहे. संत इग्नेशियस यांनी उतारवयात, १५५३ ते १५५५ या काळात, आपले आत्मवृत्त तोंडी सांगितले. मे १५२१ मध्ये पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. या सैनिकाने लढाईला किती जागा दिली? अगदी थोडी. हाड चुकीचे बसले, ते पुन्हा मोडून बसवले, वर आलेले टोक कापावे लागले, बिछान्यात वाचायला हवी ती पुस्तके न मिळता ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे मिळाली, हे मात्र ते सविस्तर सांगतात. त्यांची खरी कथा जखमेनंतर सुरू होते. आमच्या लेखकांच्या हाती हे आयुष्य आले असते तर त्यांनी पाम्प्लोनाच्या तटावरच पूर्णविराम दिला असता!

आणखी एक फरक आहे. वीरगळ सांगतो की वीर थेट स्वर्गात गेला, प्रश्नच मिटला. नोव्हेंबरात आपण मृतांसाठी प्रार्थना करतो तेव्हा असे काही गृहीत धरत नाही. आपण त्यांच्यासाठी दया मागतो, म्हणजे त्यांच्या मनावर काही भार असू शकतो, हे मान्य करतो. त्याच महिन्याच्या ११ तारखेला संत मार्टिन यांचा सण येतो. ते स्वतः सैन्य सोडलेले सैनिक. पहिले महायुद्ध थांबले तेही १९१८च्या याच तारखेला. सेनिओच्या त्या तीन मशिनगनांमागेही कोणाची तरी मुले होती. जगलेल्या सैनिकाला हे ठाऊक असते. पुष्कळदा त्यामुळेच तो गप्प असतो. गौरवलेखाच्या गोंगाटात त्याला हे बोलता येत नाही. प्रार्थनेत कदाचित येईल.

मिस्सात ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण जे शब्द म्हणतो तेही एका सैनिकाचेच, कफर्णहूमच्या शताधिपतीचे. शुभवर्तमानकाराने त्याची एकही लढाई नोंदलेली नाही. आजारी चाकरासाठी तो धावत आला, एवढेच नोंदले.

१४ जानेवारीला माजी सैनिक दिन पाळला जातो; ७ डिसेंबरचा ध्वजदिन तर १९४९ पासूनचा. या दिवसांसाठी आमच्या नियतकालिकांकडे लेख येतात आणि त्यांत हुद्दा, पलटण, पदके यांची यादी असते. संपादकांनी असे लेख एकदा लेखकाकडे परत पाठवून पाहावेत आणि सोबत काही प्रश्न जोडावेत. भरती व्हायला घरून कोणी नको म्हटले? पहिल्या रजेत गाव कसे दिसले? कोणाला उचलून आणले, कोणाला मागे सोडावे लागले? पेन्शनचे कागद कोणी भरले? १९१७ साली मुंबईत सुरू होऊन पुढे खडकीला आलेली क्वीन मेरी संस्था आणि १९७४ पासूनचे पक्षाघात पुनर्वसन केंद्र खडकीला आहे. तेथील जवानांना भेटून असा एखादा लेख आजवर कोणी लिहिला का? घोडेगाव, मंचर, नारायणगावच्या बाजारात पोते खांद्यावर घेऊन उभे असलेले माजी सुभेदार आणि हवालदार अजून आहेत. त्यांच्याजवळ बसायला वही आणि एक दुपार पुरेल.