शेडच्या आतला उजेड, आवारातलं पाणी

कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतलेली कास्टिंग देशातल्या नावाजलेल्या वाहनांच्या इंजिनांत बसतात. मायक्रॉनचा फरक पडला तर माल परत येतो, हे इथला प्रत्येक कारखानदार जाणतो. तोच कारखानदार नवी शेड बांधायला काढतो तेव्हा फॅब्रिकेटरला लांबी, रुंदी आणि क्रेनची उंची एवढंच सांगून मोकळा होतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत इथली यंत्रं पार बदलली. कुपोलाच्या जागी इंडक्शन भट्ट्या आल्या, सीएनसी आल्या. त्यांना पोटात घेणारी इमारत मात्र मागे राहिली, आणि उजेड-हवेच्या बाबतीत तर ती गिरणीच्या काळापेक्षाही मागे गेली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुलनेसाठी लांब जायला नको. २७ सप्टेंबर १९०६ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी शाहू मिलची पायाभरणी केली. काळ्या दगडाच्या जाड भिंती, उंच चिमणी, शेजारी कोटितीर्थ तलाव. गावाने आपली मानावी अशी ही इमारत आहे. या संस्थानात नवा राजवाडा आणि टाउन हॉल ज्या आस्थेने बांधले गेले, ती आस्था कापडाच्या गिरणीलाही मिळाली. दोन दशकांहून अधिक काळ ती बंद आहे. तिथे शाहू स्मारक करण्याच्या घोषणाही जुन्या झाल्या. माझी चिंता वेगळी आहे. स्मारकाच्या नावाखाली गिरणी पाडून तिथे पुतळा आणि कारंजं आलं, तर कोल्हापूरच्या औद्योगिक वास्तुकलेचा पहिला धडाच पुसला जाईल.

त्या पिढीच्या गिरण्यांनी करवतीच्या दातांसारखं छप्पर रूढ केलं. उभ्या बाजूच्या काचा उत्तरेकडे असत, त्यामुळे मागावर सावली न पडता सारखा उजेड येई. ही पद्धत इंग्लंडहून आली आणि तिथे ती नीट चालते. कोल्हापूर मात्र साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत किंचित उत्तरेला कललेला असतो. म्हणजे उन्हाळा सर्वांत कडक असताना, वळवाची वाट बघण्याच्या दिवसांत, उत्तरेची काचही ऊन आत घेते. उपाय अवघड नाही. काचेवर हातभर छज्जा काढला तर मेमधलं दुपारचं ऊन अडतं. एवढा विचार कागदावर करायला एक दुपार पुरते. पण तो करणारा माणूस कामावर असावा लागतो.

आजची शेड म्हणजे पीईबी, प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग. कारखान्यात तयार झालेले पोलादी सांगाडे ट्रेलरवरून येतात आणि काही महिन्यांत उभे राहतात. मध्ये खांब नाहीत, क्रेन मोकळी फिरते, पुढे वाढवायलाही सोपं. हे फायदे खरे आहेत आणि दगडी भिंतींकडे परत चला, असं मी म्हणणार नाही. तक्रार आहे ती त्या सांगाड्यावर चढणाऱ्या एकेरी पत्र्याबद्दल. छपरात मधूनमधून चार पारदर्शक पत्रे बसवतात. भट्टीचा धूर आणि वाळूची धूळ बसून ते काही वर्षांत पिवळे पडतात, मग भर दुपारी आत दिवे लागतात.

ओतकामाच्या वेळी शेडमध्ये उभं राहून बघावं. लॅडलमधला लोखंडाचा रस सुमारे चौदाशे अंशांचा असतो. साचे ओळीने भरत जातात, वाळूतला वायू पेटून निळसर ज्वाळा निघतात आणि तापलेली हवा सरळ वर चढते. तिला बाहेर पडायला छपराच्या कण्यावर बाजूंनी उघडा, उंचावलेला मॉनिटर असतो, नाहीतर गरगरणारे टर्बो व्हेंटिलेटर असतात. पण वरून जेवढी हवा बाहेर जायची तेवढी खालून आत यावी लागते. आपल्याकडे पावसाच्या आणि चोरीच्या भीतीने भिंतीचा पत्रा थेट जमिनीपर्यंत नेतात. खालची वाटच बंद, मग वरचा पंखा फिरून उपयोग काय? नैर्ऋत्येकडून तिरपा मारणारा पाऊस अडवून हवा आत घेणारे रुंद, कललेले लुव्हर भिंतीच्या खालच्या भागात बसवता येतात. त्या जागी पैसा जातो तो ऑफिसच्या दर्शनी भागाला चकचकीत एसीपीचे (अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट) पत्रे आणि निळी काच लावण्यात. ऑडिटला येणारा परदेशी ग्राहक तेवढंच बघेल, अशी समजूत असावी. खरं तर तो शॉप फ्लोअरवरच सर्वांत जास्त वेळ थांबतो.

हे काम किती उंचीवर नेता येतं, हे आपल्याच मातीतल्या माणसाने दाखवून दिलं आहे. मालवणजवळच्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे. त्यांनी १९७०च्या दशकात मेहसाण्याची दूधसागर डेअरी उभी केली. प्रक्रियेची उष्ण, दमट हवा वर खेचणारे काँक्रीटचे उभे शाफ्ट हेच त्या इमारतीचं रूप झालं. वेगळी सजावट करावी लागली नाही. ज्या जिल्ह्यात गोकुळ आणि वारणा यांची नावं घरोघर आहेत, तिथे दुधाच्या धंद्याला अशी एकही इमारत लाभू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि कोल्हापुरात वास्तुरचनाकार नाहीत, असंही नाही. जमिनीशी आणि झाडापाण्याशी जुळवून घेणाऱ्या कामासाठी देशभर ओळखले गेलेले शिरीष बेरी याच शहराचे.

आता आवाराकडे. एमआयडीसी भूखंड देताना झाडं लावण्याची अट घालते, पर्यावरण मंजुरीतही हरित पट्टा येतो. त्याचं उत्तर म्हणून फाटकापाशी हिरवळ, रॉयल पाम आणि कुंपणालगत कोनोकार्पसची रांग उभी राहते. कागलचा माळ मुरमाचा, उताराचा आणि वाऱ्याचा. तिथे करंज, कडुनिंब, पांगारा, बहावा टिकतात. हिरवळीला मात्र टँकर लागतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे भूखंड सपाट करताना उताराचे छोटे ओढे भरावाखाली जातात, कधी कधी फाउंड्रीची टाकाऊ वाळूच भरावाला वापरतात. कित्येक एकर पत्रा आणि काँक्रीट यांवर पडलेला पाऊस मग एकदम खाली धावतो. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि माल अडकून पडला. त्या पुराचं कारण पंचगंगेचं अख्खं खोरं आहे, एका वसाहतीवर तो दोष टाकता येणार नाही. पण छपराचं पाणी आवारातच तळ्यात अडवणं आणि ओढा उघडा ठेवून त्याच्या काठाने झाडं लावणं, एवढं प्रत्येकाच्या हातात आहे. निसर्गरचनेचं खरं काम ते आहे. पुण्याला टेल्कोचा कारखाना उभारताना सुमंत मुळगावकरांनी खडकाळ जमिनीवर झाडं लावली, तळं केलं. त्याआधी १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखान्याबरोबर गाव वसवलं. दोघेही उत्पादनाच्या बाबतीत कठोर होते. झाडं आणि तळं त्यांना उधळपट्टी वाटली नाहीत.

खर्चाचं कारण पुढे येतं, तेव्हा कायद्याची आठवण करून द्यावीशी वाटते. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तेराव्या कलमानेच भिंती आणि छप्पर यांचं साहित्य आणि रचना अशी हवी, की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील, असं बजावलं होतं. सतराव्या कलमात खिडक्या आणि छपरातल्या काचा स्वच्छ ठेवायला सांगितलं होतं, आणि सत्तेचाळिसाव्या कलमात दीडशेहून अधिक कामगार असतील तर विश्रांतीची आणि जेवणाची जागा मागितली होती. नकाशा मंजूर करताना सामासिक अंतर आणि चटई क्षेत्र इंचाइंचाने तपासलं जातं. त्याच नकाशासोबत हवा कुठून येईल, कुठून जाईल याचा एक छेद, पावसाचं पाणी भूखंडावर कुठे थांबेल याचा एक आराखडा आणि डबा खायची जागा ओतकामापासून किती लांब आहे याची नोंद मागायला हवी. मालाच्या गाड्या घेऊन आलेले ड्रायव्हर फाटकाबाहेर तासन्‌तास उन्हात थांबतात. त्यांच्यासाठी सावली आणि पाण्याचा नळही त्याच नकाशात दाखवायला लावावा.